मातीवर कोरा, कागदावर छापा : पहिली ते पाचवीच्या वर्गात मातीचे ठसेकाम कसे घ्यावे?

निपाणी : मृग निघतो, शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास कर्नाटकी बेंदूर येतो. ज्येष्ठ पौर्णिमेला बैल रंगवले जातात. पंधरा दिवसांनी कन्नड घरांतली 'मण्णेत्तिन अमावास्या', म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या. श्रावणात नागपंचमीचा मातीचा नाग, भाद्रपदात गणपती. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले पोर पाटी हातात धरायच्या आधी चिखल हातात धरते, असे म्हटले तरी चालेल. शाळेत गेल्यावर मात्र माती दाराबाहेर राहते. आत असते ते फळ्यावरचे चित्र. घर, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य. ते बघून वहीत तसेच काढायचे आणि रंगवायचे.

याला शिक्षकांचा आळस म्हणून चालणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कला शिक्षक द्यावा असे त्यात कुठेच नाही. सीमाभागातल्या गावोगावच्या मराठी शाळांत एक-दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात. तेव्हा चित्रकलेचा तास घेणार तो वर्गशिक्षकच. त्याने घेतला नाही तर पाच वर्षे तो कुणीच घेत नाही. म्हणून या वर्गांना असे काम हवे, जे चित्रकला न शिकलेल्या गुरुजींना आणि बाईंनाही जमेल, ज्याला खर्च नाही आणि ज्यात मुलाच्या हातात धारदार हत्यार द्यावे लागत नाही. मातीचे ठसेकाम या तिन्ही अटींत बसते.

ठसेकाम हा शब्द शिक्षकांना नवा नाही. महाराष्ट्रात 'खेळू, करू, शिकू' या बालभारतीच्या पुस्तकांनी असल्या हस्तकामाला जागा दिली. भेंडी कापून रंगात बुडवायची, बटाट्यावर फूल कोरायचे, पानाला रंग लावून कागदावर दाबायचे, हे बहुतेकांनी कधी ना कधी केलेले असते. पण भेंडीचा ठसा भेंडीचाच येतो. त्यात मुलाचे स्वतःचे काही नसते. बटाटा कोरायला सुरी लागते, म्हणून कोरतात बाई आणि मुले नुसती दाबतात. शिवाय संध्याकाळपर्यंत बटाटा काळा पडतो. लाकूड किंवा लिनोलियम कोरून छापणे ही मोठ्यांची कला, त्याला पोलादी हत्यारे लागतात. माती मात्र खराट्याच्या काडीने कोरता येते. सहा वर्षांच्या मुलालाही.

माती कुठली घ्यायची?

इथेच पहिली फसगत होते. निपाणीकडची शेतातली काळी माती पोते भरून आणली तर दुसऱ्या दिवशी वर्गात नुसत्या भेगा दिसतील. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेच वर्गातल्या वडीचे होते. खानापूरकडच्या तांबड्या मातीत खडे निघतात, ती चाळून, भिजवून, गाळून घ्यावी लागते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गावातल्या कुंभाराकडे जाणे. त्याच्याकडची माती आधीच निवडलेली, भिजवलेली, तुडवलेली असते. खानापूर तालुका कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी प्रसिद्ध आहेच. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. म्हणजे या कामाची जाणकारी शोधायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

गणपतीच्या दिवसांत मिळणारी शाडूची मातीही चालते. ती पांढरट, बारीक आणि हाताला मऊ असते, रेघ सुंदर उठते. तोटा एवढाच की वाळल्यावर ती फार ठिसूळ होते. एका मुलाला साधारण पाव किलो माती पुरे. माती आणल्यावर शिक्षकाने एकदा हाताने मळून बघावी. काच, काटा, टोकदार खडा असेल तर तो आपल्या हाताला लागू दे, मुलाच्या नको.

वडी, रेघ आणि रंग

काम दोन दिवसांत विभागावे. एका तासात सगळे उरकायला गेले की घोटाळा होतो.

पहिल्या दिवशी फक्त वडी करायची आणि कोरायची. बाकावर जुने कापड किंवा गोणपाट अंथरावे, नाहीतर माती लाकडाला चिकटून बसते. मातीचा गोळा मधे ठेवून दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवाव्यात आणि त्यांवरून लाटणे किंवा पाइपचा तुकडा फिरवावा. पट्ट्यांमुळे वडी सगळीकडे सारखी, साधारण बोटभर जाड होते. भाकरी थापणाऱ्या घरातली मुले पट्ट्यांशिवायही बरी थापतात, पण मग मधे जाड आणि कडेला पातळ असे होते, आणि छापताना कागद मधेच टेकतो, कडेला टेकत नाही. आकार तळहाताएवढाच ठेवावा. मोठी वडी उचलताना वाकते.

आता थांबायचे. ओल्या वडीवर लगेच काडी चालवली तर रेघेच्या दोन्ही कडांना माती वर येते आणि छाप घाणेरडी होते. वडी ताज्या गुळाच्या ढेपेइतकी घट्ट झाली पाहिजे. बोट दाबले तर खड्डा पडत नाही, नख ओढले तर रेघ उमटते, ही खूण. उन्हाळ्यात सावलीत दोन-तीन तासांत ती तयार होते. खानापूरच्या पावसात एक अख्खा दिवसही लागेल. उन्हात ठेवून घाई केली तर कडा उचलल्या जातात आणि वडी वाटीसारखी होते.

कोरायला रिफिल संपलेले बॉलपेन, खराट्याची काडी, आइस्क्रीमची चपटी काडी, खिळ्याचे बोथट डोके, काहीही. रेघ ठळक हवी, जोंधळ्याचा दाणा बसेल इतकी खोल. बारीक रेघांत रंग भरतो आणि त्या दिसेनाशा होतात. कोरताना निघालेले मातीचे कण लगेच बोटाने पुसू नयेत, ते पुन्हा रेघेत जाऊन बसतात. थोडे सुकू द्यावेत आणि मग कोरड्या ब्रशने झटकावेत.

पहिली-दुसरीच्या मुलांना कोरण्याऐवजी दाबायला द्यावे. पिंपळाच्या पानाची शिरांची बाजू, बाटलीचे झाकण, किल्ली, दोरीचा तुकडा, दाणे काढलेले मक्याचे कणीस. यातले एकेक मऊ वडीवर दाबायचे. कणीस लाटण्यासारखे फिरवले की खड्ड्यांची एक सुरेख पट्टी तयार होते. इथे वडी ओलसरच हवी, कारण घट्ट वडीवर पान उमटत नाही.

दुसऱ्या दिवशी छपाई. पोस्टर कलर नुसता पाण्यात कालवला तर तो मातीत मुरतो. त्यात गव्हाच्या पिठाची थोडी खळ घालावी. कढीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ, एवढे प्रमाण डोळ्याने धरावे. रंग ब्रशने फासायचा नाही. स्पंजचा तुकडा किंवा कापडाचा बोळा रंगात टेकवून वडीवर हलके थोपटायचे. असे केले की रंग फक्त वरच्या भागाला लागतो आणि कोरलेल्या रेघा कोरड्या राहतात. मग कागद ठेवायचा, एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताच्या तळव्याने किंवा चमच्याच्या पाठीने घासायचा आणि एका कोपऱ्यापासून हळूच सोलायचा. कागद पातळ हवा. जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पाने उत्तम. जाड ड्रॉइंग पेपरच वापरायचा असेल तर तो आधी ओल्या फडक्याने किंचित दमट करावा, कोरडा जाड कागद रंग उचलत नाही.

पहिली छाप बहुतेक वेळा बिघडते. दुसरी-तिसरी चांगली येते. चार-पाच छापांनंतर रंगातल्या पाण्याने माती मऊ होऊन रेघा बुजायला लागतात. हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर रडारड.

'सर, उलटं आलंय की!'

खरी गंमत आणि खरे शिक्षण कागद सोलल्यावर सुरू होते. मुलाने काडीने रेघ काढली होती, ती कागदावर पांढरी आलेली असते आणि जिथे त्याने हात लावला नव्हता ते सगळे रंगलेले. पेन्सिलने काढलेले चित्र आणि कोरलेले चित्र यांत हा फरक आहे. तो फळ्यावर समजावून सांगता येत नाही, हाताने करूनच कळतो.

दुसरा धक्का मोठा. बैल डावीकडे तोंड करून उभा केला होता, तो उजवीकडे बघतो आहे. आणि ज्याने हौसेने आपले नाव कोरले त्याचे नाव वाचताच येत नाही. 'सर, माझं नाव उलटं आलंय की!' अशी ओरड वर्गात हमखास होते. इथे काही शिक्षक घाबरून सांगतात, 'नाव नको, फुलच काढा.' असे करू नये. हा उलटेपणाच या कामाचा गाभा आहे.

सुरुवात आकड्यांनी करावी. देवनागरी ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून उभे, म्हणून तर न पटणाऱ्यांत 'छत्तीसचा आकडा' म्हणतात. मुलांना वडीवर ३ कोरायला लावा. छाप येते ती जवळजवळ ६ ची. ६ कोरला तर ३ उमटतो. आता ३६ कोरायला सांगा. मुले म्हणतील, उलटे येणार, ६३ येणार. कागद सोलला की ३६ च! दोन्ही आकडे उलटले आणि त्यांच्या जागाही बदलल्या, त्यामुळे आकडा होता तसाच राहिला. पहिली-दुसरीत ३ आणि ६ लिहिताना गोंधळणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना 'शंभर वेळा लिही' म्हणण्यापेक्षा हा एक ठसा जास्त उपयोगी पडावा, कारण इथे दोन आकड्यांतले नाते डोळ्यांसमोर उलगडते.

मग अक्षरे. कुठले अक्षर उलटले तरी तसेच राहते ते मुलांना शोधू द्यावे. 'ठ' जवळजवळ तसाच राहतो, शून्य राहते. 'क' नाही, 'र' तर मुळीच नाही. कर्नाटकातल्या मराठी शाळेत मूल कन्नडही शिकते. त्यामुळे हाच खेळ कन्नड अक्षरांवरही खेळता येतो. कन्नड अक्षरे गोलाईची, मातीत कोरायला देवनागरीपेक्षा सोपी जातात, पण त्यांच्या डोक्यावरची शेंडी उलट बाजूला गेली की ती लगेच खटकते. कोल्हापूरकडच्या शाळेत हा दुसऱ्या लिपीचा खेळ एवढा सहज मिळणार नाही. सीमाभागात दोन लिप्यांवरून भांडणे पुष्कळ झाली आहेत. एकाच वडीवर दोन्हीकडची अक्षरे कोरणाऱ्या मुलाला त्या भांडणाशी देणेघेणे नसते.

सरळ नाव छापायचे तर काय करायचे? पातळ कागदावर ठळक खडूने नाव लिहावे, कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावावा आणि मागून दिसणारी अक्षरे गिरवावीत. तो गिरवलेला कागद वडीवर ठेवून रेघांवरून बोथट पेन फिरवले की मातीवर उलट्या अक्षरांची खूण उमटते. मग कोरायचे. चौथी-पाचवीच्या मुलांना हे एकदा दाखवले की पुरते. दुसऱ्या वेळी ती स्वतःच आरशाची युक्ती शोधून काढतात.

मिरजेची गीता आणि चीनची अक्षरे

चौथी-पाचवीत या ठिकाणी इतिहासही सांगता येतो, आणि तो शेजारचाच आहे. १८०५ मध्ये मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. त्या वेळी मराठी मुलखात देवनागरी खिळ्यांचे छापखाने नव्हते. तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी कोरली आणि त्यांवरून कागद छापले. पुण्याला इंग्रज वकील मॅलेटच्या पदरी एक तांबट नकाशे कोरायला शिकला होता, त्याची विद्या मिरजेला पोचली. अठरा अध्याय उलटे कोरायचे! आपले दोन अक्षरी नाव कोरताना घाम फुटलेल्या मुलाला त्या कारागिराची मेहनत सांगावी लागत नाही.

मातीशी छपाईचे नाते याहूनही जुने आहे. सिंधू संस्कृतीतले व्यापारी दगडी मुद्रा उलट्या कोरत आणि मालाच्या गाठींवरच्या ओल्या मातीत दाबत. गुजरातेत लोथलच्या गोदामात अशा मातीच्या मोहरा सापडल्या आहेत. आणि सुटी अक्षरे जुळवून छापण्याची पहिली नोंद आहे ती चीनमधली, १०४० च्या दशकातली. बी शेंग नावाच्या कारागिराने मऊ मातीच्या लहान ठोकळ्यांवर एकेक अक्षर कोरले, ते भाजले, आणि राळ, मेण व कागदाची राख यांच्या थरावर लोखंडी चौकटीत जुळवून छपाई केली. गुटेनबर्ग त्यानंतर चारशे वर्षांनी आला.

बी शेंगची युक्ती शाळेतही करता येते. माती अंगठ्याएवढी वळायची, वर पकडायला चिमटी काढायची, खालचा तळ सपाट करून त्यावर एकच अक्षर किंवा चिन्ह कोरायचे. असे ठसे कच्चेच रंगात बुडवले तर विरघळतात. पण आठवडाभर सावलीत पूर्ण वाळवून कुंभाराच्या आव्यात त्याच्या मडक्यांबरोबर भाजून घेतले, तर वर्षानुवर्षे टिकतात. आत ओल राहिली तर ते आव्यात फुटतात, आणि शेजारचे मडकेही फोडू शकतात. म्हणून आधी कुंभाराला दाखवावेत, तो हातात घेऊनच सांगेल. वर्गाने मिळून बाराखडीचा एक संच केला की पुढच्या वर्षीच्या पहिलीला तो वापरता येतो.

परदेशात याची आणखी एक तऱ्हा रूढ आहे. अमेरिकेतले कुंभार-चित्रकार मिच लायन्स यांनी ओल्या मातीच्या मोठ्या लादीवर रंगीत पातळ मातीने चित्र रंगवायचे आणि त्याचा पातळ थर कापडावर उचलायचा, अशी पद्धत अनेक वर्षे शिकवली. शाळेत तिची सोपी नक्कल होते. गेरू, शाडू, कुटलेला कोळसा हे वेगवेगळे पाण्यात कालवायचे आणि ओलसर वडीवर बोटाने रंगवायचे. यात कोरणे नाही, छापही एक किंवा दोनच येतात, पण रंग मातीचेच. चुना मात्र वापरू नये, मुलांच्या हातांना आणि डोळ्यांना तो घातक आहे.

कुठे बिघडते

साहित्यापेक्षा मोठ्यांच्या हौसेमुळे हे काम जास्त वेळा बिघडते. प्रदर्शन आहे, साहेब येणार आहेत, मग बाईच वडी कोरून देतात आणि तीस मुले तोच मोर छापतात. भिंत छान दिसते, मुलाच्या हाती काही लागत नाही. वेडावाकडा बैल असला तरी तो मुलाने कोरलेला असावा. एका मुलाने निदान तीन छापा काढाव्यात आणि तिन्ही शेजारी ठेवून बघाव्यात. पहिल्या छापेत काय बिघडले हे त्यालाच सांगू द्यावे. रंग जास्त झाला, कागद हलला, रेघ उथळ होती. इथे बाईंनी गप्प बसणे अवघड असते, पण बसावे.

दुसरी गोष्ट धुळीची. वाळलेल्या मातीची धूळ फुफ्फुसांना वाईट. वर्ग झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. हात धुतलेले पाणी मोरीत ओतू नये, पाइप तुंबतो आणि मग मुख्याध्यापक पुन्हा परवानगी देत नाहीत. बादलीत हात धुवावेत, गाळ खाली बसला की वरचे पाणी झाडांना घालावे.

वेळेचा प्रश्न उरतो. कर्नाटकात दप्तराविना शाळेचा 'संभ्रम शनिवार' आहे. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंद, उत्सव. मराठी पालकांचा मात्र नाव ऐकून खरोखरच संभ्रम होतो. महाराष्ट्रात तशाच कल्पनेचा 'आनंददायी शनिवार' आहे. नाव कुठलेही असो, शनिवारची सकाळ या कामाला सोयीची. वडी शुक्रवारी दुपारी थापून कोरायची आणि ओल्या नसलेल्या, नुसत्या दमट गोणपाटाखाली ठेवायची. शनिवारी ती छापायला बरोबर बेताची असते. एक-दोन शिक्षकी शाळेत सगळे वर्ग एकत्र बसवले तरी अडत नाही. लहान मुले पाने दाबतात, मोठी कोरतात, रंगाच्या बोळ्यावर एक जण आणि कागद सोलायला एक जण.

छपाई झाल्यावर वड्या फेकू नयेत. रंग लागलेला वरचा थर खरवडून टाकावा, उरलेल्या मातीचे तुकडे बादलीत टाकून बुडतील एवढे पाणी घालावे. दोन दिवसांत ती विरघळते. वरचे पाणी काढून टाकायचे, माती गोणपाटावर पसरून थोडी सुकवायची आणि मळायची. नागपंचमीला हीच माती पुन्हा कामाला येते.